दोन श्वासांमधली जागा

"वाचत काय बसलात काका, दाबा की," कॉम्प्युटरवाली म्हणाली. 'मान्य' या निळ्या अक्षरांवर टेकायच्या बेतात असलेलं त्याचं बोट तसंच हवेत राहिलं. तिच्या टेबलावर आणखी चौघांचे फोन पालथे पडले होते, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसांसारखे गप्प. आज सगळ्यांच्या मोबाइलवर ऑफिसची मेल बसवायची होती. यापुढे कुठे लिफ्ट अडली, कुठे दार लागेना झालं, तर तक्रार ऑफिसच्या टेलिफोनवर येणार नव्हती. ज्याच्या भागातली त्याच्या खिशात उतरणार होती. लिफ्टच्या देखभालीत त्याचं उभं आयुष्य गेलं होतं, आणि खिसा ही एकच जागा आजवर कंपनीची नव्हती.

"हे काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

"कुठे?"

"हे. संस्थेला या फोनवरील सर्व माहिती दुरून पुसून टाकण्याचा अधिकार राहील."

"ते सगळ्यांनाच येतं." तिने मान वर केली नाही. "फोन हरवला, चोरीला गेला, कुणी नोकरी सोडली, की इथून मी एक बटण दाबायचं. तिकडे फोन कोरा. जन्माला आला तेव्हा होता तसा."

"सगळा? मेलपुरता नाही?"

"सगळा. निवडून घ्यायला ती काय भाजी आहे?" ती हसली आणि त्याचा फोन हातात घेऊन उलटासुलटा करून पाहू लागली. "आणि काका, याला कुलूप कसं नाही हो? कमाल आहे तुमची. बोटाचा ठसा द्या."

त्याने बोट टेकवलं. पुन्हा टेकवलं. तारांच्या दोरांनी आणि तेलाने ते बोट इतकं गुळगुळीत झालं होतं की फोनने त्याला ओळखच दिली नाही. "राहू दे," ती म्हणाली, "सहा आकडे घाला. कधी विसरणार नाही असे. आणि जपून बरं का, सारखे चुकत राहिलात तर तो मला विचारायला येत नाही, आपणहून सगळं पुसून मोकळा होतो." मग काय वाटलं कोण जाणे, तिने खुर्ची वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "का हो, जपण्यासारखं काही आहे का यात? फोटोबिटो? आत्ताच इथे उतरवून देते. दोन मिनिटांचं काम."

"नाही," तो म्हणाला. "तसलं काही नाही."

"मग दाबा. कानसेन एवढे अडले तर बाकीच्यांनी काय करायचं?"

त्याने दाबलं. फोन तळहातात एकदा शहारला, मग दोनदा, आणि मग एकामागून एक मेल उतरू लागल्या. जुन्या, वाचून झालेल्या, निकालात निघालेल्या तक्रारी. कुठल्या कुठल्या इमारतींतल्या अडकलेल्या दुपारी. त्या सगळ्या एका चिंचोळ्या दारातून आत शिरत होत्या आणि आत जी एक निजलेली होती तिच्या उशापायथ्याशी दाटीवाटीने उभ्या राहत होत्या, असं त्याला वाटलं. त्याने फोन छातीच्या खिशात टाकला आणि वरून हात ठेवला. उघड्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने दिवा विझू नये म्हणून हात धरावा, तसा.

कानसेन हे नाव त्याला ऑफिसने दिलं होतं, आणि ते चेष्टेचं होतं तितकंच मानाचंही. बाकीचे मोजमापाची यंत्रं लावत. हा आधी बंद दाराला कान लावून उभा राहायचा. वरच्या खोलीत मोटारीवर कुठला दोर सैल पडलाय, ब्रेकचं अस्तर कुठे खाल्लं गेलंय, डबा कुठल्या दोन मजल्यांच्या मध्ये पापणी लवेल एवढाच अडखळतो, हे त्याला ऐकू यायचं. अडखळली की तो ती लिफ्ट बंद करायचा. लोक चिडायचे. म्हातारी माणसं जिन्याच्या कठड्याला धरून त्याच्या नावाने बोटं मोडायची. तो ढिम्म हलायचा नाही. नव्याने आलेल्या माणसांना तो सांगायचा, बाबांनो, खडखडाटाला भिऊ नका, खडखडते ती जिवंत असते. चालता चालता आवाज मध्येच नाहीसा होतो ना, तेवढी जागा ऐका. पोरं माना डोलवायची. त्यांना खडखडाटच ऐकू यायचा.

आणि आता ऑफिसच्या पायऱ्या उतरताना त्याच्या खिशात तीच जागा होती. तळहाताएवढ्या यंत्रात, कुठल्या तरी कप्प्यात, नाव नसलेली, नुसती तारीख असलेली. त्याच्या बायकोचं घोरणं.

ती पडदे शिवायची. मोठमोठ्या खिडक्यांचे, हॉटेलांचे, कचेऱ्यांचे पडदे. घरात सदानकदा कापडाचे डोंगर, आणि त्या डोंगरांमधून मशीनची वाट काढत बसलेली ती. दिवसभर पायाखाली यंत्र, आणि निजली की तेच यंत्र गळ्यात. पण घोरतेस म्हटलं की तिचा तोरा बघावा. "मी नाही घोरत. झोपेत शिलाई करते मी. तुमच्यासारखं झोपेत नुसतं झोपायला मला वेळ कुठाय?" नाही तर म्हणायची, "अहो, जन्मभर त्या लिफ्टांना कान लावलेत, तुमच्याच कानात घरघर बसलीय. बिचाऱ्या बायकोवर का आळ घेता?" पुरावा लागतो म्हणून तर त्याने ते केलं. एका सुट्टीच्या दुपारी मोठं काम पुरं करून ती बैठकीवरच आडवी झाली, अंगावर अर्धा पडदा तसाच, केसांत दोऱ्याचा तुकडा; आणि त्याने फोन तिच्या उशाशी, अगदी हळूच, चोराच्या हाताने ठेवला. संध्याकाळी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि ऐकवलं. पहिल्या चार श्वासांत ती लाल झाली, मग चहा सांडेपर्यंत हसली, मग दोऱ्याचं रीळ फेकून मारलं. "पुसा ते. आधी पुसा. उद्या जावयाला ऐकवून माझी अब्रू घालवाल." तो म्हणाला, पुसलं. ती म्हणाली, दाखवा. त्याने भलतंच काहीतरी दाखवलं. चष्मा मशीनवर राहिला होता म्हणून तिचा विश्वास बसला. तिने ऐकलं ते सुरुवातीचं ऐकलं. पुढचं तिने ऐकलंच नाही, आणि त्याने ऐकवलं नाही. तेव्हा त्यात काही ऐकण्यासारखं आहे असं कुणाला वाटलं होतं?

आता मात्र ते त्याला तोंडपाठ होतं, एखाद्या गाण्यासारखं. आधी पंखा. मग खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटतं. मग ती येते: आत घेताना खर्ज, सोडताना बारीक शीळ, खर्ज आणि शीळ, खर्ज आणि शीळ, जातं फिरावं तशी. मध्येच ओठांचा एक बुडबुडा. मध्येच काहीतरी पुटपुटणं, बहुधा कापडाचं माप. मग पुन्हा फेर धरतो श्वास. आणि मग एक खर्ज आत जातो आणि त्याची शीळ येत नाही. पंखा फिरत असतो. रस्ता वाहत असतो. ती मात्र नसते. श्वास गेला तो कुठल्या मजल्यांच्या मध्ये अडकला कोण जाणे, आणि ती निवांत पडलेली असते, केसांत दोरा, अंगावर अर्धा पडदा. इथे त्याचं बोट दरवेळी पुढे व्हायचं आणि बंद करायचं. इतक्या वेळा ऐकूनही त्याने त्या जागेच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. टाकायची गरज नव्हती. पलीकडे काय आहे ते त्याला माहीत होतं. पाण्यातून डोकं वर काढावं तसा तिचा श्वास फुटतो, आणि लगेच, फोनच्या अगदी जवळ, एक पुरुष हसतो.

ते हसणं त्याला ऐकायचं नव्हतं.

त्यानंतरच्या थंडीत ती गेली. अशाच दुपारी, अशीच आडवी झालेली. तो कामावर होता, कुठल्याशा इमारतीत, एका अडखळणाऱ्या लिफ्टपाशी. दवाखान्याच्या लांबलचक बोळात डॉक्टरने पेनचं टोपण दातांत धरून विचारलं होतं, "झोपेत यांचा श्वास मध्येच थांबायचा का? तुमच्या कधी लक्षात आलं? ऐकलंत कधी?" मुलगी शेजारी होती, त्याचा कोपर धरून. बोळाच्या टोकाला कुठेतरी लिफ्ट वर चालली होती, तिची भिंतीला घासणारी पट्टी त्याला ऐकू येत होती, इतक्या लांबून, इतक्या गलक्यात. आणि तो म्हणाला, "नाही." डॉक्टरने मान हलवली. "घरच्यांना नाही कळत बहुधा. कळलं असतं तर त्याच्यावर यंत्र मिळतं, नाकाला लावून झोपायचं. असो." तो 'असो' शब्द डॉक्टरने दयेनेच म्हटला असणार. तेव्हापासून तो शब्द त्याच्या घरात राहायला आला होता. कापडाचे डोंगर मुलीने उपसून नेले, मशीन झाकलं गेलं, आणि त्या मोकळ्या जागेत तो 'असो' पाय पसरून बसला.

मुलीने एकदा विचारलं होतं. जेवताना, सहज, वाढता वाढता: "बाबा, तुमच्याकडे आईचा आवाज आहे का कुठे? फोटो ढीगभर आहेत. पण आवाज नाही. आम्ही बोलायचो रोज, पण बोलणं कोण ठेवून घेतं? परवा मी आठवून बघत होते तर मला तिचा आवाजच येईना. शब्द येतात, आवाज माझाच येतो." तो ताटाकडे बघत म्हणाला होता, "नाही गं. कुठून असणार?" ते काढून तिच्या हातात दिलं तर ती आधी आईला ऐकेल. मग ती जागा ऐकेल. मग ते हसणं ऐकेल. आणि मग तिला तो बोळ आठवेल. ती त्याचीच मुलगी होती, तिच्या कानातून काही सुटायचं नाही.

मेल येत राहिल्या. सकाळी दात घासताना खिसा नसायचा तर फडताळावर फोन थरथरत सरकायचा, काडेपेटीतल्या किड्यासारखा. दूध तापवताना, बसमध्ये उभं राहताना, कुणाच्या भेटीला गेल्यावर. दरवेळी त्याची छाती आत एकदा दचकायची, कारण तक्रार कुठलीही असली तरी आधी त्याला वाटायचं, झालं, पुसलं. मग वाचून बघावं तर कुणाच्या तरी दाराची पट्टी निघालेली. तो उत्तर लिहायचा, पाहतो, येतो, केलं. आणि त्या दचकण्याच्या तळाशी, गाळासारखं, आणखी एक काहीतरी होतं. ते त्याला हळूहळू दिसू लागलं. पुसलं नाही हे कळलं की जीव भांड्यात पडायचा, पण पडताना थोडा हिरमुसायचाही. वसंत संपता संपता त्याची नोकरी संपणार होती. त्या दिवशी कॉम्प्युटरवाली बिस्किट खाता खाता एक बटण दाबेल आणि तो मोकळा होईल. त्याने पुसलं असं होणार नाही. तिने पुसा म्हटलं होतं तेव्हा त्याने पुसलं नाही, आणि आता पुसवत नाही. पण कंपनीने पुसलं तर त्याला कोण काय करणार? 'मान्य' दाबताना त्याने हेच तर दाबलं नव्हतं? दोन मिनिटांचं काम, उतरवून देते, असं ती म्हणाली तेव्हा त्याच्या तोंडून निघालेला 'नाही' हा त्या बोळातल्या 'नाही'चाच सख्खा भाऊ होता. चेहरेपट्टी तीच.

एका दुपारी तो एका जुन्या कचेरीच्या इमारतीत लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा होता. डबा रिकामाच दोन मजल्यांच्या मध्ये अडला होता. जोडीदार वर मोटारीच्या खोलीत होता. अंधारात दोर खाली-वर गेलेले, भिंतींवर वर्षानुवर्षांची काजळी, आणि खालून वर सरकणारी ती ओलसर हवा, जी अशा पोकळीत कायम असते. लोकांना लिफ्ट म्हणजे डबा वाटतो. त्याला लिफ्ट म्हणजे ही पोकळी वाटायची. हा इमारतीचा गळा. खिशात फोन थरथरला. मेल होती, आणि नवा नियम असा की पोचली म्हणून लगेच उलट लिहायचं. त्याने तेलकट बोटांनी कुलपाचे आकडे दाबले. चूक. पुन्हा दाबले. चूक. हाताला सवयीने बायकोची जन्मतारीख येत होती. कुलपाला ठेवला होता त्याने स्वतः बसवलेल्या पहिल्या लिफ्टच्या पाटीवरचा नंबर, विसरणार नाही म्हणून. विसरला नव्हताच. पण बोटं ऐकेनात. आकडे चिकटत होते, एकाऐवजी दुसराच उमटत होता, आणि वरून जोडीदार ओरडत होता, "काय हो कानसेन, डोळा लागला का?" त्याने घाईत पुन्हा दाबलं, आणि पुन्हा, आणि मग फोनचा पडदा लाल झाला.

शेवटचा प्रयत्न. चुकल्यास या फोनवरील सर्व माहिती पुसली जाईल.

त्या लाल उजेडात दोरांचे पीळ दिसू लागले. तो उभाच राहिला. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. वसंत संपायची वाट बघायलाही नको. हात तेलकट होते, असं सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं. कुणाला सांगायची वेळही येणार नव्हती, कारण त्यात काही आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेली तेवढी एक घोरणारीच होती, आणि तिच्या लेखी ते केव्हाच पुसलं गेलं होतं. एक चुकीचा आकडा. त्याने अंगठा आकड्यांवर धरला. मग त्याच्या मनात आलं, काय काय जाईल? ती जागा जाईल. ते हसणं जाईल. बोळातला डॉक्टर जाईल का? तो नाही जायचा, तो फोनमध्ये नव्हताच. आणि पंखा जाईल. ते गाडीचं दार जाईल, ज्याने कुणी ते आपटलं त्याला कधी कळणारही नाही की ते कुणाच्या जवळ राहिलं होतं. पुटपुटलेलं ते माप जाईल, जे किती होतं हे त्याला आजवर नीट लागलं नव्हतं. सगळ्या दुपारी सरून गेल्या होत्या, पण ही एक दुपार अजून चालू होती. तिच्यात ती अजून निजलेली होती, आणि तिला उठवायला अजून कुणी गेलं नव्हतं.

"सोडू का ब्रेक?" जोडीदार ओरडला.

"थांब," तो म्हणाला. "मला वर यायचंय."

मुलगी चष्म्याच्या दुकानात होती. लोकांचे डोळे तपासून नंबर काढणं, काचा घासणं, दांड्या वाकवून कानांना बसवणं, हे तिचं काम. तो शिरला तेव्हा ती एका म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा बसवत होती आणि म्हातारा आरशात बघून विचारत होता, "यातून बायको तरुण दिसेल का हो?" ती म्हणाली, "त्याला वेगळा नंबर लागतो काका, तो आमच्याकडे मिळत नाही." म्हातारा खूश होऊन गेला. मग तिने वडिलांकडे पाहिलं. कपड्यांवर काजळी, आणि छातीच्या खिशावर हात.

"बाबा, छातीत दुखतंय का?"

"नाही नाही. फोन आहे." त्याने तो दोन्ही हातांनी काढून काउंटरवर ठेवला, काठोकाठ भरलेलं भांडं ठेवावं तसा. "एवढं जरा तू दाब. माझी बोटं चुकतात. आकडे सांगतो. हळू. चुकलीस तर पुसलं जाईल सगळं."

"पुसलं जाईल म्हणजे?" तिने लाल पडदा वाचला. "हे कसलं खूळ? ऑफिसची मेल ना? काढून टाका बघू ती. सांगा आकडे."

त्याने सांगितले. तिने एकेक दाबला, दर आकड्याला त्याच्याकडे बघत. फोन उघडला. "झालं," ती म्हणाली. "एवढ्यासाठी तुम्ही चालत आलात? चेहरा बघा काय झालाय. काय आहे एवढं यात?"

"तुझी आई आहे," तो म्हणाला. आणि मग, ती काही विचारायच्या आत, कारण विचारलं असतं तर पुन्हा तोच 'नाही' आला असता तोंडून, "घोरतेय. मी ठेवलं होतं. तू मागितलंस तेव्हा नाही म्हणालो मी."

तिने दुकानाचं दार लोटलं. काउंटरवर कोपर टेकून, फोन दोघांच्या मध्ये ठेवून, तिने सुरू केलं. पंखा. गाडीचं दार. आणि पहिला खर्ज आला तशी तिच्या तोंडातून 'अगं बाई' एवढंच निघालं. ती हसत होती आणि तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती पुसत नव्हती. खर्ज आणि शीळ, खर्ज आणि शीळ. पुटपुटणं आलं तेव्हा ती म्हणाली, "साडेसहा हात. साडेसहा म्हणतेय." त्याला इतक्या महिन्यांत लागलं नव्हतं ते. मग तो खर्ज आत गेला, आणि शीळ आली नाही. त्याचं बोट पुढे झालं. तिने त्याचं मनगट धरलं. फोनकडेच बघत होती ती. तिचं हसू जिथल्या तिथे राहिलं होतं, आतून दिवा काढून घेतल्यासारखं. पंखा फिरत होता. रस्ता वाहत होता. मग पाण्यातून डोकं वर यावं तसा श्वास फुटला, आणि त्याच्यामागे ते हसणं आलं, आणि आवाज संपला.

कुणाचा तरी चष्मा उचलून ती त्याच्या काचा पुसत राहिली.

"डॉक्टरांनी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"मी तिथेच होते. तुमच्या शेजारी."

"हो."

"तुम्ही. तुम्हाला लिफ्टचं एवढंसं ऐकू येतं."

तिने चष्मा खाली ठेवला. "परत लावते," ती म्हणाली, आणि तिने सुरुवातीपासून नाही, त्या जागेच्या अलीकडून लावलं. या खेपेला ती कान फोनच्या जवळ नेऊन ऐकत होती, मान तिरकी करून, अगदी त्याच्यासारखी. हसणं आलं तिथे तिने थांबवलं. पुन्हा तेवढंच लावलं.

"हे तुम्ही."

"मीच. हसतोय तिला."

"नाही बाबा." ती सावकाश म्हणाली. "ऐका नीट. हे तिला हसणं नाही. ती थांबलीय तोवर तुमचाही श्वास ऐकू येत नाहीय. तिचा आला मग तुमचा सुटलाय. घाबरला होतात तुम्ही. सुटकेचं आहे हे."

त्याने ऐकलं. पहिल्यांदाच, पलीकडच्या काठावर पाय ठेवून. हसणं होतं ते, पण त्याच्या खालची बाजू कापरी होती. अडलेला डबा हलला की आतली माणसं हसतात, तसलं. तिचं बरोबर होतं. तिने ते ममतेने सांगितलं होतं, हेही त्याला कळलं. आणि त्याच क्षणी, दोर सुटून डबा खाली यावा तसं दुसरंही कळलं. घाबरला होता, म्हणजे कळलं होतं. चेष्टेच्या भरात निसटलं, लक्ष नव्हतं, असं तो स्वतःला सांगत आला होता. ते तसं नव्हतं. त्या दुपारी, तिच्या उशाशी उकिडवं बसून, त्याने ती जागा ऐकली होती, ऐकून भ्यायला होता, आणि श्वास परत आला म्हणून हसून उठला होता. त्याने मुलीकडे पाहिलं. तिला ते कधी कळलं हे त्याला सांगता आलं नसतं, पण तिला कळलं होतं. ती नजर वळवत नव्हती, आणि तिने त्याचं मनगटही सोडलं नव्हतं.

"म्हणजे माहीत होतं मला," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "होतं."

फोन त्यांच्यामध्ये थरथरला. काउंटरची काच त्याने किणकिणली. तिने वाकून वाचलं. "कुठलीतरी लिफ्ट बंद पडलीय. दोन गल्ल्या सोडून, ती उंच इमारत. आत एकजण आहे म्हणे." मग तशीच वाकलेली राहून ती म्हणाली, "जा तुम्ही. हा राहू दे माझ्याजवळ. मी उतरवून घेते आधी. मग बघू तुमच्या ऑफिसचं काय करायचं ते."

"तुझ्याकडे राहील?"

"राहील. सगळं राहील. ते हसणंही."

तो निघाला. रस्त्यावर ऊन होतं आणि खिसा हलका होता, इतका की चालताना तोल एका अंगाला जात होता. त्या उंच इमारतीच्या तळाशी चारपाच माणसं जमून एकाच वेळी बोलत होती. निरोप जोडीदारालाही गेला होता आणि तो वर मोटारीच्या खोलीकडे धावला होता. याने सगळ्यांना हाताने गप्प केलं, एक जिना चढून बंद दारापाशी गेला आणि थंड पत्र्याला गाल टेकवला.

"कोण आहे बाहेर?" आतून बाईचा आवाज आला. "कुणी आहे का? मला श्वास घेता येत नाहीय."

"लिफ्टवाला आहे मी. वर माणूस गेलाय, उघडेल आता. आत हवा भरपूर आहे, बाई, भिऊ नका."

"तुम्ही जाऊ नका."

"नाही जात. तुम्ही बोलू नका. नुसता श्वास घ्या. मला ऐकू येतंय."

आतून एक श्वास ओढल्याचा आवाज आला, तुटका, वरवरचा. मग काहीच नाही. जिन्यातल्या माणसांची चुळबुळ थांबली. गाल पत्र्याला तसाच लावून, डोळे उघडे ठेवून तो उभा राहिला. मग तो श्वास बाहेर आला.

"हं," तो म्हणाला. "आला. आता पुढचा."